स्वप्नातली गाडी आणि महिन्याची पाच तारीख

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "गाडीचा हप्ता" असे उत्तर दिले. त्यांना ती थट्टा वाटली. या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्याने होतात, गोदावरीच्या पाण्यावर होतात, चंद्रावर गेलेल्या यानांवर होतात. तेथे हप्त्याचे काय काम, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण आम्ही पडलो नववीत शाळा सोडलेले. पुढे जे काही शिकलो ते पगारपत्रके, नोटिसा आणि कोर्टाचे निकाल वाचून. जे आम्हांस ठाऊक आहे त्यावरच बोललेले बरे, आणि हप्ता आम्हांस फार जवळून ठाऊक आहे. त्या संध्याकाळी जे बोललो तेच येथे थोडे नीटनेटके करून मांडीत आहोत.

निमित्त घडले ते बिडकीनच्या एका पोराचे. वय चोवीस, पदविका झालेला, कारखान्यात कंत्राटावर. ओव्हरटाइम धरून महिन्याला बत्तीस हजार हाती पडतात. एके दिवशी पाळी सुटल्यावर तो युनियनच्या कचेरीत आला आणि मोबाइलवर एक चित्र दाखवू लागला. लाल रंगाची, दोन दरवाजांची, जमिनीला पोट टेकेल अशी गाडी. "काका, शाळेत होतो तेव्हापासून हीच डोक्यात आहे." आम्ही किंमत विचारली, तसा तो हसला. ती खरी गाडी आपल्या अंगणात यायची नाही हे त्याला कळत होते. परंतु तिच्यासारखीच लाल, मागे 'स्पोर्ट्स' अशी अक्षरे असलेली दुसरी एक गाडी पंधरा लाखांत मिळत होती. ('स्पोर्ट्स' ही अक्षरे मागे चिकटवली की किंमत का वाढते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही, इंजिन पुष्कळदा तेच असते.) तीन लाख वडील देणार होते, बारा लाखांचे कर्ज मंजूर होण्यासारखे होते. "बँकवाल्यानं होय म्हटलंय. तुम्ही फक्त कागद बघा."

आम्ही कागद पाहिले. काय पाहिले ते पुढे सांगतो. पण त्याआधी ते तीन लाख कोठून आले हे सांगितले पाहिजे, कारण ती बिडकीनची कथा आहे.

शहरातून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव. काळी जमीन, कापूस, तूर, बाजाराचा दिवस आणि पैठणला जाणाऱ्या गाड्यांचा थांबा, एवढीच त्याची ओळख होती. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा आणि बिडकीन ही नावे आली आणि गावाचे दिवस पालटले. एकरी तेवीस लाख रुपये दराने जमिनी घेतल्या गेल्या. ज्या घरात बी-बियाण्याला सावकाराचे तोंड पाहावे लागे त्या घरात एका कागदाने साठ-सत्तर लाख आले. कोणी मुलीचे लग्न केले, कोणी दूरवर दुसरी जमीन घेतली, कोणी बंगला बांधला. आणि दारापुढे चारचाकी तर बहुतेकांनीच आणली. वर्तमानपत्रांनी त्यावर चवीने लिहिले. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. जो माणूस जन्मभर एस.टी.च्या टपावर पोते चढवून बाजार करीत आला, त्याने एकदा स्वतःच्या गाडीची काच खाली केली, तर त्यात नवल ते काय? खेद एवढाच की जमीन गेली ती कायमची, आणि गाडी दहा-बारा वर्षांत भंगारात जाते.

त्या पैशाचा उरलेला तुकडा म्हणजे हे तीन लाख. आणि दैवाची गंमत अशी की, जी जमीन विकून गाड्या आल्या त्याच जमिनीवर आता गाड्या तयार व्हायच्या आहेत. एथर या विजेच्या स्कूटरच्या कंपनीने आणि टोयोटा किर्लोस्करने बिडकीनला कारखाने काढण्याचे २०२४ साली जाहीर केले. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, आणि ऑडीच्या भारी गाड्याही पुढे तेथेच जोडल्या जाऊ लागल्या. आमच्या पोरांनी त्या गाड्यांचे बोल्ट आवळले, दरवाजे बसवले, शेवटचे फडके मारले. ज्या वस्तूवर आठ तास हात फिरतो तिची ओढ लागू नये अशी अपेक्षा कोणी करील तर तो माणूस कारखान्यात कधी गेलेला नाही असे समजावे.

तेव्हा स्वप्नाला आम्ही दोष देत नाही. आता हिशेबाकडे वळू. आणि हिशेबाची सुरुवात थोरामोठ्यांच्या गाड्यांपासून करू.

२०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहराने, तेव्हाच्या औरंगाबादने, देशभर नाव केले. येथील उद्योजक, व्यावसायिक एकत्र आले आणि त्यांनी एकाच सौद्यात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. त्यांपैकी चाळीस कोटींहून अधिक रक्कम भारतीय स्टेट बँकेने कर्जाऊ दिली, आणि व्याजाचा दर होता ७ टक्के. बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले देविदास तुळजापूरकर यांनी या दराकडे बोट दाखवले, पी. साईनाथ यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'द हिंदू' दैनिकात त्यावर लेख लिहून मर्सिडीजशेजारी ट्रॅक्टर उभा केला. त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा टक्के आणि त्याहूनही अधिक व्याज पडत होते. जी गाडी मिरवायची तिला सात, आणि जी नांगरायची तिला बारा!

त्या वेळी या गोष्टीचा आम्हांस राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. परंतु पुढे विचार करता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्या मंडळींनी केले काय? एकेकट्याने दुकानात जाण्याऐवजी त्यांनी यादी केली, दीडशे नावे जमवली, आणि मग विकणाऱ्यासमोर आणि बँकेसमोर एकत्र जाऊन बसले. आमच्या भाषेत याला सामुदायिक सौदा म्हणतात. आम्ही तो पगारासाठी करतो, त्यांनी गाड्यांसाठी केला. जी गोष्ट कामगारांनी केली की तिला दांडगाई म्हणतात, ती मालकमंडळींनी केली तर तिचे फोटो छापून येतात. असो. मुद्दा असा की कर्जाचा दर आकाशातून पडत नाही. समोर कोण बसला आहे, आणि तो एकटा आहे की दीडशे आहेत, यावर तो पुष्कळसा ठरतो.

बिडकीनचा पोरगा एकटा गेला होता.

आता हप्ता म्हणजे काय ते पाहू. हप्त्याने वस्तू विकण्याची युक्ती जुनी आहे. सिंगरची शिवणयंत्रे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच हप्त्यावर विकली जात. मोटारींच्या धंद्यात जनरल मोटर्सने १९१९ साली त्यासाठी वेगळी कर्ज देणारी कंपनीच काढली. हेन्री फोर्डला हे आवडत नसे. गिऱ्हाइकाने आधी पैसे साठवावेत आणि मग गाडी घ्यावी असे त्याचे मत. त्याने तशी आठवड्याला थोडेथोडे पैसे साठवण्याची योजनाही काढली. पण लोकांना गाडी आज हवी होती, आणि अखेर १९२८ साली त्यालाही कर्जाचे दुकान उघडावे लागले. आपल्याकडे गोष्ट बरीच वर्षे उलटी होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. हातात पैसे आणि गाडी नाही, अशी स्थिती. आज गाडी दारात येऊन उभी राहते आणि पैसे पुढच्या सात वर्षांतून आणायचे असतात.

कर्जाचा दर सांगण्याच्या दोन रीती आहेत, आणि सगळी फसगत त्या दोहोंच्या मध्ये होते. एका रीतीत व्याज उरलेल्या मुद्दलावर धरतात. मुद्दल फिटत जाते तसे व्याज उतरते. दुसऱ्या रीतीत पहिल्या दिवशीच्या सबंध रकमेवर अखेरपर्यंत व्याज धरतात. तिला बाजारात 'फ्लॅट' दर म्हणतात. समजा दोन लाखांची मोटारसायकल आहे आणि दुकानातला माणूस म्हणतो, "नऊ टक्के फ्लॅट, तीन वर्षे." नऊ टक्क्यांनी दोन लाखांचे वर्षाला अठरा हजार, तीन वर्षांचे चोपन्न हजार. एकूण दोन लाख चोपन्न हजार, भागिले छत्तीस, म्हणजे महिना ७,०५६ रुपये. हिशेब सरळ वाटतो. परंतु दर महिन्याला तुम्ही मुद्दल परत करीत आहात! दीड वर्षानंतर निम्म्याच्या आसपास कर्ज फिटलेले असते, तरी व्याज सबंध दोन लाखांवरच चालू. पहिल्या रीतीने मोजले तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. 'नऊ' हा आकडा खोटा नाही, तो फक्त वेगळ्या तराजूत तोललेला आहे.

आमच्या पोराचे कर्ज पहिल्या रीतीचे होते, म्हणजे त्या मानाने सरळ. बारा लाख, १० टक्के, सात वर्षे. हप्ता १९,९२१ रुपये. चौऱ्याऐंशी हप्त्यांत मिळून १६ लाख ७३ हजार भरायचे, त्यांत व्याज पावणेपाच लाखांच्या जवळ. पहिल्या हप्त्यातले दहा हजार निव्वळ व्याजाचे. मुद्दल फिटते ते ९,९२१. म्हणजे पहिल्या महिन्यात जे राबले त्यातले निम्म्याहून अधिक पैसे गाडीला लागतच नाहीत.

यावर पोरगा म्हणाला, "काका, पण गाडी तर माझीच राहते ना. नाही झेपलं तर विकून टाकू."

हे वाक्य आम्ही आजवर पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून तेथे जरा थांबतो. रस्त्यावर येईपर्यंत पंधरा लाख पडले, पण त्यांत गाडीची दुकानातली किंमत तेरा लाख. बाकीचे कर, विमा, नोंदणी यांत गेले आणि ते परत मिळत नाहीत. विमा कंपन्या गाडीची किंमत दर वर्षी किती उतरते याचे कोष्टक ठेवतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, आणि तीन वर्षे ओलांडली की ४० टक्के. म्हणजे तीन वर्षे उलटताच तेरा लाखांची गाडी कोष्टकाप्रमाणे ७ लाख ८० हजारांची झाली. त्याच दिवशी बँकेचे देणे किती उरले? छत्तीस हप्ते बिनचूक भरल्यावर ७ लाख ८५ हजार. आता बेरीज करा. वडिलांचे तीन लाख गेले, हप्त्यांचे सात लाख सतरा हजार गेले, मिळून दहा लाख सतरा हजार. आणि गाडी विकून बँकेचे देणे दिले तर हाती एक पैसा उरत नाही, वर पाच हजार खिशातले घालावे लागतात. गाडी गिऱ्हाइकाला जरा अधिक भावली तर थोडे बरे, बंपर ठोकलेला असला तर आणखी वाईट. पेट्रोल आणि विम्याचे हप्ते आम्ही अजून धरलेलेच नाहीत.

पोराने तो कागद उलटा करून पाहिला, जणू मागे दुसरे उत्तर असावे.

येथवर आम्ही शिक्षकासारखे बोललो. पण हे शहाणपण आम्हांस पुस्तकातून आलेले नाही, ते दुसऱ्याच्या पैशाने आलेले आहे. १९९४ साली आम्ही वाळूजच्या एका कारखान्यात होतो, आणि आमच्याही डोक्यात एक गाडी होती. यामाहा आर.एक्स. १००. तिचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पगारदारांच्या एका पतसंस्थेतून कर्ज काढले. दोन जामीन लागत होते. एक नातेवाईक मिळाला, दुसरा म्हणून दुसऱ्या कारखान्यात काम करणारा एक मित्र उभा राहिला. सही करताना त्याने रक्कमही नीट वाचली नाही. पाच महिने गाडी फिरवली. सहाव्या महिन्यात आमच्या कारखान्यात टाळेबंदी झाली आणि ती चार महिने चालली. आम्ही लढ्यात होतो, भाषणे करीत होतो, आणि हप्ता थकत होता. पतसंस्थेने काय केले? कायद्याने जे करता येते तेच केले. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे सभासदाने तसे लिहून दिलेले असले की मालकाला पगारातून परस्पर कापून द्यावे लागते. पत्र गेले मित्राच्या कारखान्याला. त्याचा पगार कापला जाऊ लागला. तो आमच्यापाशी एक शब्द बोलला नाही. त्या वर्षी त्याने बहिणीचे लग्न पुढे ढकलले हे आम्हांस त्याच्या आईने सांगितले, तेही पुष्कळ दिवसांनी, चहा पुढे ठेवता ठेवता. आम्ही दुसऱ्या दिवशी गाडी विकली. तिची किंमत आणि देणे यांत तूट आलीच. मित्राचे पैसे फेडायला आम्हांस दोन वर्षे लागली, आणि व्याजाची गोष्ट काढली तेव्हा तो रागावला.

म्हणून जामीन राहणाऱ्याला आम्ही एवढेच सांगतो की आपण ओळख म्हणून सही करीत नसून कर्जदार म्हणून करीत आहोत. बिडकीनच्या पोराच्या कागदावर वडील सहकर्जदार होते. त्या माणसाचे शेत गेलेले आहे. त्याच्याकडे आता उरलेल्या ठेवीशिवाय काही नाही.

आणखी एक गोष्ट बँकेच्या कागदात कोठेच लिहिलेली नसते. हप्ता पाच तारखेला कापला जाणार होता. पगार कधी होतो? १९३६ च्या वेतनाच्या कायद्याने हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात तारखेच्या आत आणि मोठ्या ठिकाणी दहाच्या आत पगार देण्याचे बंधन घातले होते. २०१९ ची वेतन संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली, तिनेही महिन्याच्या पगाराला सात तारीखच ठेवली आहे. म्हणजे मालकाने कायदा तंतोतंत पाळला तरी हप्ता पगाराच्या दोन दिवस आधी! खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, त्याचा दंड कर्ज देणारा लावतो आणि ज्या बँकेत खाते आहे तीही लावते. पोराने विचारले तर तारीख दहा करून मिळते. पण कोणी विचारतच नाही, कारण सही करताना लक्ष किल्लीकडे असते.

ही पाच तारीख आम्हांस फाटकावरही भेटली आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कंत्राटावरच्या पोरांना कायम करण्याची मागणी होती. पोरे तयार होती, एक दिवसाचे काम बंद ठेवायचे ठरले. आदल्या रात्री एकेक करून अकराजण घरी आले. कोणी भित्रे नव्हते. त्यांतल्या दोघांनी तर मागे पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. सगळ्यांचे म्हणणे एकच, "काका, पाच तारीख आहे." एक दिवसाचा पगार आणि हजेरीचा भत्ता गेला की हप्ता चुकतो, आणि कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी "उद्यापासून येऊ नको" म्हटले तर गाडीच जाते. आम्ही त्यांना काही बोललो नाही. १९९४ साली आम्हीही टाळेबंदीतून उभे राहिलो ते मित्राच्या पगारावर. पुढे कळले ते असे की, कर्ज देताना पगाराचा दाखला घ्यायला माणूस कंत्राटदाराच्याच कारकुनाकडे जातो. तेव्हा कोणाच्या मानेवर किती हप्ता आहे हे कंत्राटदाराला आमच्या आधी ठाऊक असते. कोणाला ओव्हरटाइम द्यायचा, कोणाला दमात घ्यायचे, हे त्यावरून ठरवता येते. मागणी पुढे मान्य झाली, पण दीड वर्षाने आणि अर्धवट.

आता कर्ज घ्यायचेच ठरले, तर कायद्याने कर्जदाराच्या हातात काय दिले आहे तेही सांगितले पाहिजे. नाहीतर आमचे बोलणे नुसती भीती घालणे ठरेल.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या हुकमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने सही घेण्यापूर्वी मुख्य गोष्टींचे एक विवरणपत्र द्यायचे असते, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते लिहिलेले असते. तो एकच आकडा वाचावा. 'फ्लॅट'ची जादू तेथे उतरते. हे पत्र मराठीत मागण्यात कमीपणा नाही. १ एप्रिल २०२४ पासून हप्ता चुकल्याचा दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. दंड वेगळाच दाखवावा लागतो.

वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितले आहे. गुंड पाठवून गाडी उचलण्याच्या रीतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच कडक ताशेरे ओढले. वसुली कायद्याच्या वाटेनेच झाली पाहिजे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सूचना, आणि विकण्यापूर्वी पैसे भरण्याची अखेरची संधी, या गोष्टी करारात असायला हव्यात. पण एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो काढून टाकतो. "गाडी नेली, सुटलो" असे होत नाही. नेलेली गाडी लिलावात जाते, तेथे तिला बाजारभावही येत नाही, आणि देणे त्यातून फिटले नाही तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या आणि सहकर्जदाराच्या अंगावर तशीच राहते. गाडी नसताना गाडीचा हप्ता भरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. सायकलवर येतात.

आणि कर्ज फिटले म्हणजे सगळे संपले असेही नाही. नोंदणीच्या पुस्तकावर कर्ज देणाऱ्याचे नाव चढलेले असते. त्याच्याकडून ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घेऊन आर.टी.ओ.त ते नाव काढून घ्यावे लागते. हे न केल्यामुळे पाच वर्षांनी गाडी विकताना रडकुंडीला आलेले लोक आमच्या कचेरीत येतात, म्हणून लिहिले.

हे सर्व आम्ही त्या पोराला सांगितले, आणि शेवटी मर्सिडीजची गोष्ट सांगितली. ती त्याला सगळ्यांत आवडली. तो कागद घडी करून शिरस्त्राणात ठेवून निघून गेला. आम्हांस वाटले, विषय संपला.

पंधरा दिवसांनी तो परत आला तो सहाजणांना घेऊन. सातही पोरे बिडकीन आणि निलजगावची, कोणाला मोटारसायकल हवी होती, कोणाला चारचाकी. "काका, आम्ही यादी केलीय." आम्ही त्यांच्याबरोबर गेलो नाही, युनियनचा माणूस दिसला की दुकानदाराचा चेहरा बदलतो. पोरेच गेली, तीन ठिकाणी गेली, आणि प्रत्येक ठिकाणी सातजणांचा एकत्र दर मागितला. एका ठिकाणी कर्जाच्या कागदपत्रांचा खर्च माफ झाला, दर दीड टक्क्याने खाली आला, आणि हप्त्याची तारीख दहा झाली. दीडशे नावे आणि सात नावे यांत फरक असणारच, पण सातांचाही काही भाव होतो असे त्यांना दिसले.

मग रात्री आमच्या कचेरीत सगळ्यांचे हिशेब मांडले. प्रत्येकाला दोन प्रश्न होते. कंत्राट उद्या तुटले तर किती महिने हप्ता घरातून भरता येईल? आणि तीन वर्षांनी गाडी विकावी लागली तर हाती काय राहील? दोघांनी आपापले आकडे पाहून त्याच रात्री नाव काढून घेतले. एकाने नवी मोटारसायकल सोडून भावकीतली जुनी रोखीने घेतली. तिघांनी मोटारसायकली घेतल्या, दीड वर्षाच्या मुदतीने, आणि त्या फाटकासमोर रांगेत उभ्या असतात.

सातवा तो लाल गाडीवाला. नव्या दराने त्याचा हप्ता हजारभराने कमी झाला होता. वडीलही तयार होते. शोरूमवाल्याने सांगितले की लाल रंग चार महिने मिळणार नाही, पांढरी मात्र आजच नेता येईल. पोरगा घरी आला आणि म्हणाला, पांढरी घ्यायची असती तर लहानपणापासून पांढरीच डोक्यात असती. तीन लाख पुन्हा ठेवीत गेले. तो अजून थांबला आहे.